ताई, तुमचे हेडफोन परत करायचे आहेत

ती. ताई,
सा. न. वि. वि.

परवा रात्री संगणक सुरू करायला बटण दाबलं आणि तो बंद झाला. तो आधीपासून सुरूच होता. संध्याकाळपासून टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात मुकाट चालला होता आणि मला पत्ताच नव्हता. आधी स्वतःवर चिडलो, मग हसू आलं, मग तुमची आठवण आली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढे बोल" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की ताई गेम खेळत नाहीत. फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा) म्हणजे काय हे त्यांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा माझं उत्तर संपायच्या आत त्यांचं लक्ष उडालं. पण त्यांचं उभं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलंय, आणि त्या कानांना फसवणं अवघड आहे.

तुम्ही पहिल्यांदा खोलीत आलात तो दिवस आठवतोय? मी नवा संगणक मोठ्या हौसेने दाखवायला घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सायलेंट' छापलेली, आतून फोमचे थर लावलेली कॅबिनेट, एका बाजूला काच, सहा पंखे, वॉटर कूलर आणि जत्रेसारखे दिवे. तुम्ही दारातच थांबलात. "हे काय चाललंय?" मला वाटलं, दिव्यांबद्दल विचारताय.

पंख्यांचा थोडा आवाज येतो, असं मी सांगितलं. त्यावर तुमचा प्रश्न: "कुठल्या पंख्याचा?" सहा जण एका सुरात घोंघावत असताना त्यातला कुठला कुणाचा हे मी काय सांगणार! मग तुम्ही पुठ्ठ्याची लांब नळी मागितलीत, कागदाची गुंडाळी संपल्यावर उरते ती. तिचं एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटच्या आत, आणि डॉक्टर छाती तपासतात तशी तुमची तपासणी सुरू झाली. मी एकेका पंख्याच्या मधल्या चकतीवर हलकेच बोट ठेवून तो क्षणभर थांबवायचा आणि तुम्ही मान डोलवायची किंवा नाही म्हणायची. दहा मिनिटांत निकाल लागला. गुणगुण हार्ड डिस्कची होती. "एकशेवीस हर्ट्झ असेल," असं तुम्ही सहज बोलून गेलात. डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते (७२०० आरपीएम), म्हणजे सेकंदाला बरोबर १२०, हे गणित मी रात्री केलं आणि गारच पडलो. खुळखुळ वॉटर कूलरच्या पंपात होती. रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) मी पंपाच्या खाली बसवला होता, त्यामुळे हवेचा बुडबुडा वर जाऊन नेमका पंपात अडकायचा. आणि ती बारीक किर्र, जिच्यासाठी मी आणखी महागडे पंखे मागवायच्या बेतात होतो, ती पंख्यांची नव्हतीच. ती ग्राफिक्स कार्डातून, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या कार्डातून, येत होती.

त्या संध्याकाळी तुम्ही माझी एक मोठी खरेदी वाचवलीत. पण पैशांचं जाऊ द्या. मी तोवर 'आवाज' ही एकच वस्तू समजत होतो, ती कमी-जास्त होते एवढंच. तो चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींचा मिळून बनलेला असतो आणि प्रत्येकीचा इलाज निराळा, हे मला त्या पुठ्ठ्याच्या नळीने शिकवलं.

मग तुम्ही कागदावर डेसिबलचा हिशेब मांडलात. सारख्याच आवाजाचे सहा पंखे असले आणि त्यातले तीन काढले, तर आवाज उतरतो फक्त ३ डेसिबलने. कानाला तो जेमतेम कळतो. पण सहाही ठेवून त्यांचा वेग निम्मा केला तर साधारण १५ डेसिबलने उतरतो. वारा मात्र निम्माच कमी होतो. मी इतके दिवस पंख्यांची संख्या मोजत बसलो होतो, मोजायला हवा होता वेग. १४० मिलिमीटरचा पंखा १२० च्या पंख्याइतकाच वारा कमी फेऱ्यांत देतो, म्हणून मोठा पंखा घ्यायचा. एवढं साधं.

फोमवर तर तुमचा रागच होता. "फोमने आवाज अडत नाही रे, अडतो तो वजनाने. फोम फार तर वरच्या पट्टीतली खरखर शोषतो." आणि माझ्या त्या 'सायलेंट' कॅबिनेटचं पुढचं दार ठार बंद. आत हवा जायला वाट नाही, मग आतली गरम हवा तिथेच घोळत राहायची, पंखे जिवाच्या आकांताने फिरायचे आणि त्यांचा आवाज झाकायला फोम. स्टुडिओत तुम्ही गोंगाट करणारी यंत्रं सरळ दुसऱ्या खोलीत ठेवायचात, हेही तेव्हाच कळलं. मला तेवढी सोय नव्हती. पण अंतर दुप्पट केलं तर मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबल घटतो (खोलीत भिंतींमुळे थोडा कमीच घटतो) म्हणून टेबलावरून उचलून संगणक पलीकडच्या कोपऱ्यात तरी गेला.

नवी जुळणी तुम्ही पाहिली नाहीत, म्हणून सांगतो. कॅबिनेट फ्रॅक्टल डिझाइनची नॉर्थ घेतली. पुढे लाकडी पट्ट्या, त्यांच्या फटींतून हवा भरपूर, आणि काचेऐवजी जाळीची बाजू. बघणाऱ्याला ते कपाट वाटतं. वॉटर कूलर गेला, त्याच्या जागी नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा हवेवर चालणारा कूलर आला, धातूच्या पात्यांचे दोन मनोरे आणि १४० चे दोन पंखे. या कंपनीचे पंखे तपकिरी रंगाचे म्हणून प्रसिद्ध. मी काळे घेतले. या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या (मेमरीच्या पट्ट्यांच्या) डोक्यावर येतो आणि तिथे जागा उरते ३२ मिलिमीटर. दिव्यांची उंच रॅम तिथे मावतच नाही, त्यामुळे दिवे काढायचा निर्णय मला घ्यावाच लागला नाही. हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, ज्याच्यावर ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली जलद मेमरी) आहे आणि जो गेममध्ये थोड्या विजेत भरपूर काम करतो. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, कमी उष्णता म्हणजे संथ पंखे. कूलर बसवताना तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली आणि ऐंशी अंश पाहून घाम फुटला, ही गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नव्हती, पण आता लिहूनच बसलोय.

राहिली ती किर्र. तिला कॉइल व्हाइन म्हणतात. कार्डातल्या कॉइलमधून वीज सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होते, त्या ओढाताणीत कॉइल कंप पावतात आणि गाऊ लागतात. तुम्ही एकच प्रश्न विचारला होतात: "ती सगळ्यात जास्त कधी येते?" मी लक्ष ठेवलं. ऐन लढाईत नाही, तर गेमच्या मेनूमध्ये! तिथे चित्र साधं, म्हणून कार्ड बिनकामाचं शेकडो फ्रेम्स काढत सुटतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, म्हणून मी फ्रेम्सवर १३८ ची मर्यादा घातली आणि निम्मी किर्र तिथेच संपली. मग व्होल्टेज उतरवलं. विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे थोडंसं व्होल्टेज कमी केलं तरी वीज बरीच वाचते. ४५० वॉट खाणारं कार्ड सव्वातीनशेच्या आसपास आलं आणि खेळताना मला फरक जाणवला नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं, एवढं कार्ड घेऊन त्याला अर्धपोटी ठेवायचं?

पंख्यांच्या बाबतीत मी तुमचं एक वाक्य टेबलावर चिकटवलंय: "कान एकसारख्या आवाजाला विसरतो, बदलणाऱ्याला नाही." ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं आणि पंखे धावायला लागतात, दोन सेकंदांनी पुन्हा खाली. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) सत्तर अंशांपर्यंत एकच संथ वेग ठेवला आणि पुढची वाढही सावकाश होईल अशी केली. कार्डाचे पंखे गार असताना पूर्ण थांबायचे, त्याची जाहिरातही तशीच होती. पण दर दोन मिनिटांनी सुरू, बंद, सुरू, बंद. तेही आता कायम हळू फिरतात.

आणि तो 'वांऽऽ वांऽऽ' आवाज! दोन पंखे शेजारी, एक ८०० फेऱ्यांवर आणि दुसरा ८२० वर. सात पात्यांच्या पंख्याचा सूर ८०० ला ९३ हर्ट्झच्या आसपास पडतो, ८२० ला तो सव्वादोन हर्ट्झहून किंचित जास्तच चढा, म्हणून सेकंदाला तेवढ्या लाटा. तुम्ही फोनवर ऐकूनच हसलात. "तानपुरा जुळवताना ऐकलं नाहीस का कधी? तारा जवळ आल्या की लाट संथ होत जाते. एक तर पूर्ण जुळव, नाहीतर चांगला लांब ने." पूर्ण जुळेना, म्हणून एकाला ९०० वर नेला. लाट गेली.

पण तुमचे खरे उपकार इथून पुढचे आहेत.

माझ्याकडे ७.१ लिहिलेला, म्हणजे भोवती आठ स्पीकर असल्याचा भास देणारा हेडसेट होता. तुम्ही तो घालून पावसातला एक प्रसंग ऐकलात आणि विचारलंत, "ही माणसं हौदात चालतायत का?" मग समजावलंत, की आवाज डावीकडून आला तर तो उजव्या कानाला जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांश उशिराने पोचतो, कानाच्या पाळीच्या घड्या त्याला वर-खाली, पुढे-मागे अशी चव देतात, आणि एवढ्यावरच मेंदू दिशा ओळखतो. हे गणित अनेक गेम स्वतःच करून दोन कानांसाठी आवाज तयार करतात. त्यावर हेडसेटनेही आपलं गणित केलं की दुहेरी पाणी चढतं. मी विंडोजमध्ये साधा स्टिरिओ निवडला, हेडसेटचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, आणि मागून येणारा शत्रू प्रथमच मागून आला.

त्यानंतर तुम्ही तुमचे हेडफोन ठेवून गेलात. सेनहायझरचे एचडी ६००, १९९७ साली आलेलं मॉडेल, ३०० ओम रोधाचं, मागून उघडं. उघडं असल्यामुळे आवाज खुला, मोकळा; पण बाहेरचंही सगळं थेट आत. तेव्हा लख्ख कळलं की तुम्ही आधी संगणक गप्प करायला का लावलात. मी ध्वनीचं सामान घ्यायला निघालो होतो आणि तुम्ही मला महिनाभर पंख्यांत गुंतवलंत, याचा तेव्हा थोडा रागही आला होता. पावलांचा हलका आवाज स्पष्ट ऐकायचा तर तो मोठा करण्यापेक्षा त्याच्या खालचा गोंगाट उतरवायचा.

मदरबोर्डला हेडफोन लावले तर माऊस हलवला की कानात चिरचिर. पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जात होती. बाहेरचा यूएसबी डॅक (संगणकातल्या आकड्यांचा आवाज बनवणारं यंत्र) घेतला, चिरचिर घटली, पण गेली नाही. त्याच डॅकला स्पीकर जोडलेले, त्यांचा प्लग दुसऱ्या भिंतीला, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडलं जाऊन चक्र तयार झालं होतं. तुम्ही म्हणालात, "मधली तांब्याची तार काढ, उजेडावरून पाठव." ऑप्टिकल केबलमधून वीज जातच नाही, नुसता प्रकाश. ती लावली आणि त्या शांततेत मी दोन मिनिटं काहीच न वाजवता बसून राहिलो.

३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असं लिहिलेला डॅक मला घ्यायचा होता, हे कबूल करतो. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सूर मावतो, माणसाचा कान २० वर थांबतो, "आणि तुझ्या वयात तिथवरही जात नाही," हे तुम्ही जरा जास्तच मोकळेपणाने सांगितलंत. गेमचा आवाज बहुधा ४८ वर बनतो, विंडोजही तिथेच ठेवलंय. अँपच्या (हेडफोनला जोर देणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत तुमचा नियम पाळला, त्याचा आउटपुट रोध हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी.

आता खोलीत भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. एक आवाज गेला की त्याच्या आड लपलेला पुढे येतो, हे तुम्ही बजावलं होतंत. घड्याळ बाहेर नेलं, तर मॉनिटरचा अडॅप्टर गुणगुणतोय असं वाटायला लागलं. एकदा येऊन ऐकून जा, म्हणजे तो खरंच गुणगुणतोय की मी बिघडलोय ते ठरेल. नळी जपून ठेवली आहे.

तेव्हाच हेडफोनही घेऊन जा. कानावरच्या गाद्या चपट्या झाल्या होत्या, त्या बदलल्या. पण नव्या गाद्यांनी आवाज थोडा बदलतो असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून जुन्याही त्याच पिशवीत ठेवल्या आहेत.

तुमचा,
पुठ्ठ्याच्या नळीवाला