आमच्या दुकानात लिनक्स लावून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून असं उघड लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानाच्या कामाचं आहे.

नौपाड्यात आमच्यासारखी दुकानं पावलोपावली आहेत. कुणाला हॉलतिकिटाची प्रिंट हवी असते, कुणाला सोसायटीच्या सभेची नोटीस. प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह, आणि तो आधी कुठे कुठे लागून आलाय कोण जाणे! आमच्या कॉम्प्युटरवर तर व्हायरस ठाण मांडून बसला होता. पेन ड्राइव्ह लावला की त्यातले फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. प्रोजेक्ट गेला असं समजून एक मुलगी काउंटरपाशी रडायला लागली, तेव्हा रांगेत तुम्ही उभे होतात. तुम्ही स्वतःचा लॅपटॉप उघडून तोच पेन ड्राइव्ह लावलात. लपवलेला फोल्डर सरळ समोर दिसला आणि आत तिच्या सगळ्या फाइली शाबूत. ते शॉर्टकट शेजारी नुसते पडून होते. तुमच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि विंडोजसाठी रचलेला डाव तिच्यावर चालतच नव्हता.

पुढच्याच रविवारी तुम्ही आमच्या मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलंत. पण ‘याला व्हायरस लागत नाही’ असं एकदाही म्हणाला नाहीत, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. लिनक्सवर चालणारा ब्लिस नावाचा व्हायरस १९९७ सालीच निघाला होता, हे तुम्हीच सांगितलंत. मिंट टाकण्याआधी त्याच्या उतरवलेल्या फाइलची डिजिटल सही, म्हणजे ती मूळ कर्त्यांचीच आहे याची खूण, तपासत बसलात. मला तेव्हा तो वेळ फुकट वाटला होता. मग कारण कळलं: फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच वेबसाइट फोडून लोकांना चोरदरवाजा (बाहेरच्याला गुपचूप आत शिरायची वाट) असलेली फाइल दिली गेली होती.

खरं संरक्षण कुठून येतं, तेही तुम्ही मशीनवरच दाखवलंत. इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्रॅम चालवण्याची परवानगी दिल्याशिवाय सहसा चालत नाही. सॉफ्टवेअर हवं तर ते वितरकाच्या, म्हणजे मिंटवाल्यांच्या, सही केलेल्या ऑनलाइन भांडारातूनच घ्यायचं. कामाला येणाऱ्या मुलांचं खातं वेगळं, त्यातून सिस्टिमला हात लावता येत नाही. मात्र त्या खात्यातल्या फाइली त्याच खात्यातून खराब होऊ शकतात, म्हणून बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. हे शेवटचं कुणी सांगत नाही!

लिनक्ससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना दिसतो, मग चूक लगेच सापडत असेल ना, असं मी विचारलं होतं. तुम्ही हार्टब्लीडचं नाव घेतलंत. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ती चूक २०१२ पासून उघड्यावर होती, पण बाहेर आली २०१४ च्या एप्रिलमध्ये. आणि लगेच दुसरी बाजूही सांगितलीत. एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या छोट्या प्रकल्पात विश्वास कमावून शिरलेल्या माणसाने चोरदरवाजा बसवला होता, तो मार्च २०२४ मध्ये उघड झाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं. कोड समोर होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. माझ्या मते ओपन सोर्सचं बळ इथे आहे: शोधणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण शोधणारा लागतोच.

आमच्या मशीनला काही होत नसलं, तरी लागण झालेली फाइल आम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला देऊ शकतो. म्हणून तुम्ही क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर बसवून दिलंत, राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदलायला लावलात. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाँटसाठी विंडोजचं एक मशीन ठेवावंच लागलं. त्याचं इंटरनेट काढलंत, आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह तिथे लागत नाही.

एवढं करून तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत. शेजारच्या टायपिंग क्लासच्या बाईंनाही आता हीच मांडणी हवी आहे. त्यांची मशीनं मी लावून देणार आहे, सही तपासूनच. कुठे अडलं तर फोन करीन.

आपली,
नौपाड्यातली झेरॉक्सवाली