तेराव्या अध्यायाचं राहिलेलं उत्तर

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, मी कॉलेजात असताना मोर्चाला निघाले होते, आठवतं? तुम्ही बायबल उघडून रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचलात, ‘प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’, आणि मी पायातल्या चपला काढून ठेवल्या. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

काल सांक्ट राडेगुंडला जाऊन आले. ऑस्ट्रियातलं छोटं गाव, बव्हेरियाच्या सीमेलगत. फ्रान्त्स येगरश्टेटर तिथला शेतकरी, शिवाय चर्चचा सेवेकरी. तो कॅथलिक, पण तेरावा अध्याय त्यांचा-आपला एकच. 1940 साली सैन्यातून बोलावणं आलं तेव्हा तो गेला, बाबा. प्रशिक्षण घेतलं, मग शेतीसाठी सूट मिळून घरी परतला. हिटलरचं युद्ध अन्यायाचं आहे हे मनात पक्कं झाल्यावर मात्र त्यानं ठरवलं, पुन्हा बोलावलं तर लढायचं नाही. लिंट्सच्या बिशपांना जाऊन विचारलं. तेही तुमच्यासारखंच बोलले: सरकारच्या निर्णयाचा भार तुझ्यावर नाही, तू घरच्यांचं बघ.

1 मार्च 1943 ला तो एन्सच्या छावणीत स्वतःहून हजर झाला आणि लढायला नकार दिला. जखमींची शुश्रूषा करायची त्याची तयारी होती, ती कुणी विचारात घेतली नाही. 9 ऑगस्टला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय 36.

तो स्वतःहून हजर झाला, यापाशी माझं मन थांबतं. लपला नाही, कुणावर हात उचलला नाही, शिक्षा भोगली. फक्त ज्या कामाला देवासमोर जबाब देता येणार नाही, ते केलं नाही. मला यात तेराव्या अध्यायाची अवज्ञा दिसत नाही, बाबा. त्यातलंच चौथं वचन पाहा: अधिकारी तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे. सेवकच धन्याच्या आज्ञेविरुद्ध हुकूम सोडू लागला, तर ऐकायचं कुणाचं? माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं न्यायसभेपुढे सांगणारा पेत्रही तुम्हीच मला शिकवलात.

आई, त्याच्या बायकोचं नाव फ्रान्त्सिस्का. पदरी तीन मुली, थोरलीला सहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आधी तिनंही त्याला विनवलं, पण त्याचा निश्चय कळल्यावर त्याच्या पाठीशी राहिली. गावानं तिलाच बोल लावला. युद्धातल्या विधवांचं निवृत्तिवेतन तिला 1950 पर्यंत मिळालं नाही. शेत तिनं सांभाळलं, मुली वाढवल्या. 2007 मध्ये लिंट्सच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्त्सला ‘धन्य’ (कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा ती तिथे होती. शंभरी पाहून 2013 मध्ये गेली.

त्या मोर्चाच्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, आई. काही बोलली नाहीस आणि मीही तुला कधी विचारलं नाही. बाबा उत्तर लिहितीलच. त्यांच्या खाली तूही चार ओळी लिही, तुझ्या स्वतःच्या अक्षरात.

तुमची,
बेबी