अहवालावरील ‘सीटी’ आकडा आणि उपचार

मा. संपादक,

करोनाचा आरटी-पीसीआर अहवाल पॉझिटिव्ह आला की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सीटी (सायकल थ्रेशोल्ड) किती?’ हा आकडा जितका कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त; म्हणून १८ असला की घरचे हादरतात, ३० असला की निर्धास्त होतात. दोन्ही चुकीचे, आणि निर्धास्त होणे अधिक धोक्याचे. काही जण तर हा आकडा फुप्फुसांच्या सीटी स्कॅनवरून त्यांची हानी सांगणाऱ्या, २५पैकी मिळणाऱ्या स्कोरशी जोडतात. दोहोंचा काहीही संबंध नाही.

यंत्राला विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) दिसायला त्याच्या नकला काढण्याची किती आवर्तने लागली, एवढेच सीटी सांगतो. प्रत्येक आवर्तनात द्रव्य जवळपास दुप्पट होते, म्हणून सीटी ३.३ ने कमी म्हणजे आरएनए सुमारे दहापट जास्त. पण हा हिशेब नमुना घेण्याच्या काडीवर (स्वॅबवर) जेवढे आले तेवढ्याचाच. काडी नाकातून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत न नेता पुढेच फिरवली, किंवा नमुना २ ते ८ अंशांऐवजी तासन्‌तास उन्हात राहिला, तर त्याच रुग्णाचा सीटी वाढतो. किट किंवा तपासलेला जनुक बदलला तरी आकडा सरकतो. मिलिलिटरमागे विषाणूच्या आरएनएच्या नेमक्या किती प्रती, हे सांगायचे तर ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून मानक आलेख काढावा लागतो. नेहमीच्या तपासणीत तो नसतो.

सीटीवरून उपचार ठरवू नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्येच बजावले होते. पॉझिटिव्हची मर्यादा ३५ वरून २४ वर आणण्याची महाराष्ट्राची विचारणाही एप्रिल २०२१ मध्ये नाकारली गेली, कारण त्यात संसर्ग पसरवणारे अनेक रुग्ण सुटले असते.

विषाणूभार, म्हणजे शरीरातील विषाणूचे प्रमाण, लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. ऑक्सिजन मात्र बहुधा दुसऱ्या आठवड्यात घसरतो; तेव्हा भार उतरत असतो आणि फुप्फुसे सुजेने बिघडत असतात. सीटी ३२ असलेला रुग्ण अतिदक्षता विभागात असू शकतो, तो यामुळेच. स्टेरॉइड द्यायचे की नाही, हे ऑक्सिजनवरून ठरते. उलट, सौम्य आजारात दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच सापडतो, आरएनएचे अवशेष मात्र कित्येक आठवडे उमटत राहतात.

अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा रक्ताचा कर्करोग असलेल्या रुग्णांत विषाणू महिनोन्‌महिने टिकू शकतो. तिथे एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर पुन्हापुन्हा पाहिलेला सीटी उपयोगी पडतो.

प्रयोगशाळांना विनंती: सीटी छापायचाच असेल, तर किटचे नाव, जनुक आणि लक्षणांचा कितवा दिवस हेही शेजारी छापा.

– रेणवीय निदान क्षेत्रातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ