आयी, तुमच्या आडव्या रेघेसाठी

प्रिय आयी,

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता यायचं नाही. नात त्याच्यावर फोन धरून काहीतरी भाषांतर काढेल आणि तुम्ही दोघी हसाल. हसा. तुमच्याबद्दल माझ्या माणसांना माझ्या भाषेत सांगायचं होतं, म्हणून हे असं चारचौघांत.

आधी नावाचा घोटाळा. चिनीत मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. जिन्यात मी तुम्हाला हाक मारली की व्हिडिओ कॉलवरून माझी आई पुण्यातून 'काय गं?' म्हणायची.

चीनमध्ये, सूचौ शहरात नोकरी नवऱ्याची होती, माझ्याकडे नुसता वेळ. ॲपवरून दोनशे अक्षरं घोकली होती. खालच्या बाकावर तुम्ही माझी वही उघडलीत आणि म्हणालात, "तू लिहीत नाहीस, चित्रं काढतेस." रेशीम गिरणीतून निवृत्त झालेल्या बाईने मला शिकवावं, याचा तेव्हा राग आला होता. आज कबूल करते.

'खौ' म्हणजे तोंड. मी एका दमात चौकोन काढायचे. तुम्ही मनगट धरून तो तीन रेघांत काढायला लावलात: डावी उभी, मग वरून जाऊन उजवीकडे खाली वळणारी, शेवटी तळाची. बाजू चार, रेघा तीन. शब्दकोशात अक्षर रेघा मोजून शोधायचं असतं, त्यामुळे मी चार मोजून भलत्याच पानावर भटकायचे.

खरी खोड सापडली 'थ्येन'मध्ये. थ्येन म्हणजे आकाश. मी खालचं सगळं आधी काढायचे आणि डोक्यावरची आडवी रेघ सर्वांत शेवटी. तुम्ही चक्रावलात, कारण तुमच्याकडची पोरं ही चूक करत नाहीत. मग मी वहीत 'कमळ' लिहिलं: तीन अक्षरं, आणि तिन्हींवरून एकच रेघ. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "म्हणजे तुम्ही छप्पर शेवटी घालता," म्हणालात. पहिलीत पाटीवर गिरवून बसलेली सवय होती ती, आणि पकडली तुम्ही.

तरी मी वाद घातला. शेवटी दिसतं तर सारखंच ना? तुम्ही तुमचा फोन माझ्या हातात दिलात. तुम्ही पाच बटणांवर टाइप करता: आडवी, उभी, डावीकडे उतरती, उजवीकडे उतरती किंवा ठिपका, आणि वळणारी. माझ्या क्रमाने आकाश काही उतरेना. आडवी, आडवी, डावी उतरती, उजवी उतरती असं दाबल्यावर आलं. शेजारी 'फू', म्हणजे नवरा, कारण त्याचाही क्रम अगदी तोच. फक्त त्याची उतरती रेघ छपरातून डोकं वर काढते. यावर तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

'क्वो' म्हणजे देश. त्याला तीन बाजूंची भिंत, मग आतला ऐवज, मग तळाची रेघ. "माणसं आत आली की दार लाव."

सकाळी बागेत तुम्ही स्पंजाच्या लांब दांड्याच्या ब्रशने फरशीवर पाण्याने लिहायच्यात. जुलैमध्ये ओळ पुरी व्हायच्या आत पहिलं अक्षर वाळून जायचं. तुमच्या धावत्या लिखाणात रेघा एकमेकींना चिकटलेल्या असत, आणि पाणी कुठून कुठे गेलं ते फरशीवर दिसे. मला क्रम खरा कळला तो तिथे.

तुम्हाला हरताना मात्र एकदाच पाहिलं. 'पी' या पाच रेघांच्या अक्षरात तुम्ही आधी 'मन' हे अक्षर पुरं करून वरून तिरकी रेघ मारलीत. नात म्हणाली, चूक. १९९७ मध्ये ७,००० अक्षरांचा क्रम अधिकृतपणे ठरला, त्यात पी असा: ठिपका, आकडी, ठिपका, तिरकी, ठिपका. तुम्ही "आम्ही असंच शिकलो" म्हणून ब्रश उचललात आणि चालू पडलात. संध्याकाळी दारात डंपलिंगचा डबा घेऊन आलात तेव्हा डब्यावरच्या चिठ्ठीत पी नव्या क्रमाने होतं की जुन्या, ते वाळलेल्या शाईवरून सांगता आलं नाही.

या पत्राची प्रत पोस्टानेही पाठवतेय. पाकिटावरचा पत्ता छापला नाही, हाताने लिहिलाय. सूचौमधल्या 'चौ'ला तीन उभ्या रेघा आणि तीन ठिपके. आम्हाला अनुस्वार शेवटी द्यायची सवय, म्हणून मी आधी रेघा ओढून मग ठिपके टाकायचे. या वेळी ठिपका, रेघ, ठिपका, रेघ, ठिपका, रेघ. पोस्टमनला फरक पडणार नाही. तुम्ही भिंगातून बघालच.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची