भुतांच्या रात्रीचे जेवण

एडिसन, न्यू जर्सी
७ ऑक्टोबर २०२५

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस की, आम्ही लहान असताना हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुतांच्या रात्री, तू भुतांचे जेवण करायचीस, ते नेमके कसे करायचीस. तिकडे धाकटीची रडारड चालली होती, त्यामुळे धड काही सांगता आले नाही. आता निवांत बसून लिहिते आहे.

प्रथम वेळेचे सांगते, कारण या जेवणाचे निम्मे यश वेळेत आहे. तू लहान होतास तेव्हा उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे नेत असत, त्यामुळे ३१ तारखेला पाचच्या आतच सूर्य मावळे आणि घरात येताच तुम्हाला बाहेर जायची घाई सुटे. २००७ पासून हा बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होऊ लागला, आणि स्वयंपाक करणारीला एक तास हाताशी आला. यंदा तुमच्याकडे शिकागोला त्या दिवशी पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होईल, म्हणजे सहाला मुले घरोघरी चॉकलेटे मागायला पिशव्या घेऊन दाराबाहेर पडतील. पाने पाच वाजता वाढलेली असू देत. रिकाम्या पोटी बाहेर पडलेले मूल पहिल्या चार घरांतच चॉकलेटांवर भूक भागवते आणि रात्री पोट धरून बसते, हे मी एकदा पाहिले आणि मग वेळ कधी चुकवली नाही. यंदा शुक्रवार आहे, तुम्ही दोघेही कामावरून येणार, तेव्हा चिराचिरी गुरुवारी रात्रीच उरकून ठेवा.

आता थालीपीठ. तुला आठवते ते 'भूत' म्हणजे तेच, दुसरे काही नाही. थालीपीठ थापले की तेल सोडण्यासाठी आपण बोटाने भोके पाडतोच. या देशातले माझे ते दुसरे की तिसरे वर्ष होते. तव्यावरच्या थालीपिठाला मी तीन भोके पाडली आणि पाहते तो दोन डोळे आणि एक वासलेले तोंड माझ्याकडे पाहत होते. त्या दिवसापासून हॅलोवीनला आपल्या घरी थालीपीठच झाले. पीठ नेहमीसारखेच भिजवायचे: भाजणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ. ओल्या फडक्यावर थापताना वरची बाजू गोल ठेव आणि खालची कड बोटांनी ओढून झालरीसारखी नागमोडी कर. भोके पाडताना बोट पाण्यात बुडवून ती नेहमीपेक्षा मोठी पाड, कारण झाकण ठेवल्यावर ती आकसतात आणि डोळे मिटल्यासारखे दिसतात. वाढताना डोक्यावर लोण्याचा गोळा ठेवायचा. तो वितळतो, हळूहळू डोळ्यांपर्यंत येतो आणि तिथून खाली ओघळतो, आणि तेवढा वेळ ताटापुढे बसलेले मूल घास घ्यायचे विसरून बघत राहते. भूत पांढरेच हवे असा थोरल्याने हट्ट धरला तर तांदळाचे पीठ घे. पण तू कधी धरला नाहीस. आपल्या घरचे भूत भाजणीच्या रंगाचे असते, असे तू शाळेत सांगून आला होतास.

दुसरा पदार्थ भोपळी मिरचीचा. तिच्या नावातच भोपळा आहे, आणि भोपळ्याला चेहरा कोरून आत दिवा लावायच्या या दिवसासाठी तिच्याइतकी सोयीची भाजी नाही. नारिंगी रंगाच्या, तळ सपाट असलेल्या मिरच्या निवडून आण. देठासकट टोपी कापून बाजूला ठेव, बिया काढ, आणि सपाट बाजूला लहान सुरीने त्रिकोणी डोळे आणि दातांचे तोंड कोर. आत लिंबूभात भरायचा, तो मोकळा आणि हळद सढळ हाताने घातलेला. टोपी लावून, झाकण घालून ओव्हनमध्ये ३७५ अंश फॅरनहाइटला साधारण अर्धा तास ठेव. मिरची फार मऊ होऊ देऊ नकोस, नाही तर चेहरा खचतो. ताटात ठेवलीस की डोळ्यांच्या खाचांतून पिवळा भात असा दिसतो, जणू आत दिवा लावला आहे. मिरचीत सारण भरणे मला माझ्या आईने शिकवले होते, तिला डोळे मात्र मी पाडले.

यानंतरची गोष्ट तुला कदाचित आठवत नसेल. तू चार वर्षांचा होतास. मी कुठेतरी पाहून, रात्री तुम्ही झोपल्यावर, स्वयंपाकाच्या हातमोज्यात कोकमाचे पाणी भरून ते फ्रीजरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी सरबताच्या काचेच्या भांड्यात तो लाल बर्फाचा पंजा तरंगत सोडला आणि तुला मोठ्या कौतुकाने टेबलाशी आणले. तू एकदा पाहिलेस, ओरडलास आणि टेबलाखाली जाऊन बसलास. त्या रात्री तू जेवला नाहीस, बाहेरही गेला नाहीस. मला फार वाईट वाटले. पुढच्या वर्षी मी तुला शेजारी स्टुलावर उभे केले. मोज्याचे तोंड तू धरलेस, मी कोकम ओतले, गाठ आपण दोघांनी मारली, आणि झोपण्यापूर्वी तू तीनदा फ्रीजर उघडून पाहिलास. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला तू तो पंजा दाखवत होतास आणि त्याचे एक बोट मोडले तेव्हा हळहळत होतास. म्हणून माझे एवढे ऐक: धाकटीपुढे एखादी भीतीदायक गोष्ट तयार करून एकदम आणू नकोस. थालीपिठाचे डोळे तिलाच पाडू दे. तीन वर्षांच्या मुलीचे बोट लहान असते, भोके वाकडी पडतील, भूत तिरळे होईल; होऊ दे. जे तिने आपल्या हाताने केले त्याला ती भिणार नाही, आणि जेवेलही. पंजा करशील तर मोजे पावडर नसलेले आण, धुऊन घे, आणि दुसऱ्या दिवशी मोजा ओढू नकोस, कात्रीने कापून काढ. ओढला की बोटे मोडतात.

आपण शाकाहारी, त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचे की हा सण आपल्या स्वयंपाकघराचा नव्हे. माझा हा समज शेजारच्या आयरिश आजींनी दूर केला. त्यांनी सांगितले की, हॅलोवीन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र, आणि आयर्लंडमध्ये त्या दिवशी मांस वर्ज्य असे. म्हणून त्यांच्या आईच्या घरी कुस्करलेल्या बटाट्यात कोबी किंवा केल नावाची पालेभाजी घालून, वर लोण्याचे आळे करून ते खात. त्याला कोलकॅनन म्हणतात. त्यात नाणे किंवा अंगठी लपवलेली असे, आणि ज्याच्या घासात जे येई त्यावरून त्याचे पुढचे वर्ष सांगत. कंदीलही त्यांच्याकडे सलगमाचे कोरत. इकडे आल्यावर हाताशी भोपळा आला. मी कोलकॅनन करते तेव्हा हिरवी मिरची आणि हिंगाची फोडणी देते, आणि नाण्याऐवजी गाजराची एक मोठी चकती लपवते. नाणे मुलांच्या घशात अडकू शकते.

सारावर दही घालून कोळ्याचे जाळे काढायचे तर सार पातळ चालत नाही, जाळे बुडते. त्यापेक्षा लाल भोपळ्याचे दाटसर सूप कर. दही घोटून सुपाइतकेच सैल करून घे, चमच्याने एकात एक तीन वर्तुळे सोड आणि टूथपिक मधोमध टेकवून बाहेरच्या कडेपर्यंत आठ वेळा ओढ. हे काम थोरल्याचे. पनीरच्या लांब तुकड्यांना पफ पेस्ट्रीच्या पट्ट्या गुंडाळून इजिप्तच्या ममीही करता येतात. पट्ट्या फ्रीजमधून काढल्या काढल्या काप, कोमट झाल्या की चिकटतात.

भोपळ्याविषयी एक सांगते. तुझ्या इलिनॉयइतका भोपळा या देशात दुसरीकडे कुठेच पिकत नाही, तेव्हा चांगला निवडून आण. कोरायचा मोठा भोपळा खायला पाणचट आणि दोरेदार असतो, आणि कोरून बाहेर ठेवलेला तर पुन्हा स्वयंपाकात घेऊच नये. सूप आणि घारगे यांसाठी लहान, गोड जातीचा वेगळा आण.

धाकटीला द्राक्षांचे 'डोळे' द्यायचे झाले तर प्रत्येक द्राक्ष उभे चार फोडी करूनच दे. वाफा काढणारा कोरडा बर्फ घरात आणू नकोस. तो उणे ७८ अंश सेल्सिअसचा असतो, हाताला भाजल्यासारखी जखम करतो, आणि बंद खोलीत त्याचा वायू साठतो. मुलांचे मित्र जेवायला येणार असतील तर त्यांच्या आईवडिलांना शेंगदाण्याविषयी आवर्जून विचार. आपल्याकडे दाण्याचे कूट कशात पडले आहे हे आपल्यालाच कधी कधी लक्षात राहत नाही.

२०१२ सालचा हॅलोवीन तू पाहिला नाहीस, तू तेव्हा कॉलेजात होतास. सँडी वादळ २९ ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आले आणि आपल्याकडची वीज गेली. रस्त्यात झाडे आणि तारा पडलेल्या, त्यामुळे राज्यपालांनी हॅलोवीनच ५ नोव्हेंबरवर ढकलला. तुझी बहीण दहा वर्षांची होती, ती ३१ तारखेला सकाळपासून गप्प होती. फ्रीजरमधले सगळे वितळले होते, पण भाजणीचा डबा भरलेला होता आणि गॅस काडी लावून पेटत होता. आम्ही कोरलेला भोपळा आत आणला, ओट्यावर ठेवला आणि त्यात मेणबत्ती लावली. त्या उजेडात तिने थालीपिठे थापली. भिंतीवर भोपळ्याचे दात हलत होते आणि तव्यावरची भुते खरपूस होत होती. बाबा, ती आणि मी अंगावर गोधड्या घेऊन जेवलो. नंतर पाच तारखेला बाहेर जायला मिळाले तेव्हा, आजही आधी भुतेच हवीत, असे तिने सांगितले.

दिवाळी वीस तारखेला आहे, तेव्हा फराळाचे खोके मी या आठवड्यातच पाठवते. त्यात चकलीच्या डब्याखाली भाजणीची दोन पाकिटे आहेत. मोठे पाकीट ३१ तारखेसाठी वेगळे काढून ठेव. कोकमेही घातली आहेत. धाकटीने पाडलेल्या डोळ्यांचे पहिले थालीपीठ तव्यावर असतानाच त्याचा फोटो पाठव, उलटण्याच्या आधी.

सौ. सूनबाईस आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
आई