मानसशास्त्र विभागांतील कपाटे उघडण्याबाबत

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

राज्यातील एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात मी पीएच.डी. करते आहे. रिक्त जागा आणि रखडलेल्या अधिछात्रवृत्त्या यांविषयी आपल्याकडे पुष्कळ निवेदने आली असतील. मी केवळ चाचण्यांविषयी लिहिते आहे, कारण त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

मानसशास्त्रीय चाचणीत मिळालेल्या गुणांना स्वतःचा असा अर्थ नसतो. त्याच वयाची, तीच भाषा बोलणारी शेकडो मुले ते प्रश्न कसे सोडवतात हे आधी नोंदवून ठेवलेले असेल, तरच ते गुण काही सांगतात. ही नोंद म्हणजे मानके, आणि दुकानदाराच्या काट्याप्रमाणे ती अधूनमधून तपासून घ्यावी लागतात. या कामात मराठी एके काळी मागे नव्हती. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली व तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले; नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून आर्थर मॅलिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन कसोटी १९६९ मध्ये आली. या दोन्ही कसोट्या आजही अनेक ठिकाणी वापरल्या जातात, म्हणजे आजच्या सहावीतल्या मुलाची तुलना त्याच्या आजोबांच्या वर्गमित्रांशी होते. पिढ्यांगणिक अशा चाचण्यांवरील गुण वाढत गेल्याचे जगभर दिसून आले आहे. त्यामुळे जुन्या मानकांवर बुद्ध्यांक फुगून येतो, आणि सत्तरच्या उंबरठ्यावरच्या (साधारणपणे त्याखाली बौद्धिक अक्षमता धरली जाते) मुलाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पर्यायाने त्याच्या सवलती, त्या फुगवट्यात हुकू शकतात.

विभागातले चित्र याहून वेगळे नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याला लघुशोधप्रबंध करायचा असतो, हाताशी असतात त्या इंग्रजी मापिका (गुण देऊन मोजणाऱ्या प्रश्नावल्या) किंवा आग्र्याहून मागवलेल्या हिंदी चाचण्या. मग वसतिगृहाच्या खोलीत रात्री बसून भाषांतर होते, खोलीतलीच मैत्रीण पडताळणीसाठी त्याचे मूळ भाषेत उलट भाषांतर करून देते, आणि प्रयुक्त म्हणून, म्हणजे चाचणी देणारे म्हणून, शेजारच्या विभागातली मुले चहाच्या बोलीवर गोळा केली जातात. मीही हेच केले आहे. माझ्या नैराश्य-मापिकेवर हिंगोली जिल्ह्यातून आलेली एक मुलगी जवळजवळ प्रत्येक विधानापुढे ‘नाही’वर खूण करत गेली. कागद परत देताना मात्र सहज म्हणाली, “ताई, मला इथं करमतच नाही, अन्न गोड लागत नाही.” ‘करमत नाही’साठी माझ्या कागदावर रकाना नव्हता. तिचे गुण सामान्य निघाले आणि मी ते तसेच तक्त्यात भरले, हे आजही मला खुपते.

त्याहून वाईट म्हणजे ही भाषांतरे बांधीव प्रबंधासोबत कपाटात जातात. मूळ मापिकेची परवानगी घेतलेली नसते, नमुना लहान असतो, म्हणून ती इतरांना वापरता येत नाहीत, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तेच काम पहिल्या ओळीपासून पुन्हा करतो.

आपल्याकडे मागणी एवढीच आहे की राज्यातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांना एकत्र आणून नैराश्य, चिंता, बुद्धिमापन आणि अध्ययन अक्षमता यांसाठीच्या मोजक्या मराठी चाचण्यांचे प्रमाणीकरण, म्हणजे त्यांची मानके ठरवण्याचे काम, शासनाने करून घ्यावे. विधाने भाषांतरित करण्याऐवजी लोकांच्या बोलण्यातून घ्यावीत; नमुन्यात कोकण, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भातील गावे असावीत, केवळ पुण्या-मुंबईची महाविद्यालये नव्हेत; आणि तयार झालेली चाचणी सर्वांना विनामूल्य मिळावी. माहिती गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांच्या लघुशोधप्रबंधांतून होऊ शकेल, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग प्रवास, छपाई आणि सांख्यिकी तज्ज्ञांपुरताच राहील. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांना या चाचण्या वापरता येतील, आणि २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलणाऱ्या समुपदेशकांनाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्त होणाऱ्या खर्चात जुन्या पोथ्यांच्या शेजारी या कामालाही जागा द्यावी.

आमच्या विभागातील प्रबंधांत दडलेल्या मराठी प्रश्नावल्यांची यादी आम्ही तिघी मिळून करत आहोत. एकाच चिंता-मापिकेची चार निरनिराळी भाषांतरे आतापर्यंत सापडली आहेत. यादी पूर्ण होताच आपल्या कार्यालयाकडे पाठवते.

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी