मुक्त अभ्यासक्रम आणि सोबतीला बसणारा शिक्षक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचा प्रयोग फसला आहे, तेव्हा शिक्षकांनी फळा-खडूकडे परत यावे, अशा आशयाचे एका शिक्षक वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यांचा मुख्य आधार असा की, लाखभर लोक नाव नोंदवतात आणि शंभरातले जेमतेम पाच शेवटपर्यंत पोचतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. या गळतीचे उदाहरण म्हणून जो अभ्यासक्रम नेहमी पुढे केला जातो, तो माझ्याच विषयाचा आहे. म्हणून हे उत्तर.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाने 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा अभ्यासक्रम इंटरनेटवर कोणालाही खुला केला. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. १,५४,७६३ जणांनी नाव नोंदवले आणि ७,१५७ जणांना प्रमाणपत्र मिळाले. भागाकार केला की पाच टक्क्यांच्या आतले उत्तर येते, आणि बहुतेक चर्चा तिथेच संपते. पण एमआयटीने मधले आकडेही जाहीर केले होते. पहिला गृहपाठ उघडून पाहणारे ६९,२२१ होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांनी पहिला गृहपाठही उघडला नव्हता. त्या गृहपाठात निदान एक गुण मिळवणारे २६,३४९. खऱ्या अर्थाने अभ्यासाला बसलेले विद्यार्थी हे. यांच्याशी ७,१५७ची तुलना केली तर चौघांतला एकाहून थोडा अधिक जण शेवटपर्यंत पोचला. हा आकडा समाधानकारक आहे, असे मी म्हणत नाही. पण ग्रंथालयात डोकावून गेलेल्या प्रत्येकाला आपण नापास विद्यार्थी धरत नाही. नुसत्या नोंदणीने भागून काढलेल्या टक्केवारीवर एवढा मोठा निष्कर्ष उभा राहू शकत नाही.

याच अभ्यासक्रमावर पुढे संशोधन झाले. त्यातली एक गोष्ट मला सगळ्या टक्केवारीपेक्षा मोलाची वाटते. जे विद्यार्थी पडद्यापासून दूर, प्रत्यक्षात कोणाबरोबर तरी बसून अभ्यास करत होते, मग तो सहाध्यायी असो की विषयातला जाणकार, त्यांचे गुण एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा सुमारे तीनने जास्त येतात, असा संशोधकांचा हिशोब निघाला. तेच व्हिडिओ, तेच गृहपाठ, तीच परीक्षा. फरक सोबतीचा.

अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात हे आणखी ठळक दिसले. २०१२च्या उत्तरार्धात तिथल्या शिक्षकांनी एमआयटीचाच हा अभ्यासक्रम वापरला. विद्यार्थी व्हिडिओ घरी पाहून येत आणि वर्गातला वेळ गटागटाने उदाहरणे सोडवण्यात जाई, शिक्षक गटांमध्ये फिरत असत. एरवी साठ टक्क्यांच्या आत राहणारे उत्तीर्णांचे प्रमाण त्या वर्गात नव्वदच्या वर गेले. वर्ग एकच होता, त्यामुळे फार मोठे दावे करू नयेत. पण लगेच २०१३च्या सुरुवातीला त्याच विद्यापीठाने युडॅसिटी या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या कंपनीबरोबर गणिताचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम जवळजवळ पूर्णपणे ऑनलाइन चालवून पाहिले. गणितात आधीच मागे पडलेली मुलेही त्यात होती. नेहमीच्या वर्गांच्या तुलनेत निकाल इतके खाली आले, की जुलैमध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. पत्रलेखकांच्या मनात हाच प्रसंग असावा. माझे एवढेच म्हणणे आहे की, आधीचा प्रसंगही त्याच विद्यापीठातला आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवेत.

माझ्या वर्गात काय घडते, ते आता थोडे सविस्तर सांगते.

धडा आरसी सर्किटचा, म्हणजे रेझिस्टर (प्रवाहाला विरोध करणारा घटक) आणि कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) यांच्या जोडणीचा. समीकरण मांडणे, ते सोडवणे, व्होल्टेज वेळेबरोबर कसा चढतो ते दाखवणारा घातांकी वक्र काढणे, यात फळ्यावर पूर्ण तास जातो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. आता हा भाग मुले आदल्या दिवशी खुल्या व्हिडिओतून पाहून येतात. कोणी एकदा पाहते, कोणी थांबवत थांबवत तीनदा. वर्गात मी एकच प्रश्न विचारते. रिकामा कॅपॅसिटर आहे, रेझिस्टर आणि बॅटरी जोडली आहे, स्विच लावला; अगदी त्या क्षणी कॅपॅसिटरवर किती व्होल्ट? जोडीजोडीने बसायचे, उत्तर कागदावर लिहायचे, मग ब्रेडबोर्डवर सर्किट जोडून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, बघायचे.

बरीच मुले बॅटरीइतका व्होल्टेज लिहितात. पडद्यावर शून्यापासून चढत जाणारी रेघ दिसते आणि वर्गात कुजबुज सुरू होते. मी जोड्यांजवळ जाऊन विचारते, असे का वाटले? मग उलगडते. कॅपॅसिटरच्या दोन पट्ट्यांत तर फट असते, म्हणजे ती तुटलेली तारच, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. तुटलेल्या तारेच्या दोन टोकांना बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दिसतो, हे त्यांनी आधी प्रॅक्टिकलमध्ये स्वतः मोजलेले असते. म्हणजे मूल अंदाजे ठोकून देत नाही, एक पक्की माहीत असलेली गोष्ट ते इथे लावून पाहते. आणि गंमत अशी की, ते उत्तर बराच वेळ थांबल्यावर खरे ठरते. कॅपॅसिटर भरला की तो खरोखरच तुटलेल्या तारेसारखा वागतो. मुलाच्या विचारातून 'वेळ' ही एकच गोष्ट निसटलेली असते. हे त्याला दाखवले, की घातांकी वक्र पाठ करावा लागत नाही. तो तसाच का असायला हवा, हे ते मूल मलाच समजावून सांगते.

ही चर्चा होते, कारण समजावण्याचे काम व्हिडिओने आधी उरकलेले असते. तो व्हिडिओ माझ्याहून चांगला शिकवतो का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. काही ठिकाणी नक्कीच चांगला शिकवतो, आणि ते मान्य करताना मला कमीपणा वाटत नाही. पण समोरच्या मुलाने तुटलेली तार मनात धरली आहे, हे त्याला कळू शकत नाही. ते ऐकायला माणूस लागतो, आणि ऐकायला त्या माणसाकडे वेळ लागतो. मी बदल म्हणते तो एवढाच. शिक्षकाचा वेळ सांगण्यातून सोडवून ऐकण्याला द्यायचा.

यात फार नवे आहे, असेही नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि १९७१ मध्ये शिकवणे सुरू झाले. आधीच्या पात्रतेची अट नव्हती, धडे बीबीसीच्या रेडिओ-दूरदर्शनवरून येत, छापील पुस्तके टपालाने घरी जात. तरीही त्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना ट्यूटर दिले, अभ्यासकेंद्रे उघडली, उन्हाळी निवासी वर्ग घेतले. दुरून शिकणाऱ्याला माणसाची गरज जास्त असते, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवले. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातून जो खुला अभ्यासक्रम चालवला, त्यात फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते आणि बाहेरून मोफत सामील झालेले सुमारे २,२००. तिथे शिकणाऱ्यांनी एकमेकांचे लिखाण वाचणे आणि त्यावर बोलणे हाच अभ्यासक्रमाचा गाभा होता. पुढे मोठे मंच आले, व्हिडिओ देखणे झाले, आणि हा गाभा बाजूला पडला. याचे मला खरोखर वाईट वाटते.

'मोफत' आणि 'मुक्त' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या चर्चेत त्या सतत एकमेकींत मिसळल्या जातात. मोफत व्हिडिओ उद्या मालकाने काढून घेतला, तर आपण काही करू शकत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने २०१२ मध्ये ना-नफा तत्त्वावर उभा केलेला एडएक्स हा मंच २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका व्यावसायिक कंपनीला विकला गेला. याउलट एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलेल्या ओपनकोर्सवेअर या खुल्या अभ्यास-संग्रहातले साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. श्रेय द्या, व्यापार करू नका, आणि तुम्ही केलेली सुधारित प्रतही त्याच अटींवर खुली ठेवा, एवढे पाळले की ते उतरवून घेता येते, त्यात बदल करता येतात, भाषांतर करता येते, छापून वाटता येते. एखादी टिप्पणी मुलांना कठीण गेली, तर मी ती मुलांच्या भाषेत नव्याने लिहू शकते, मधली गाळलेली पायरी भरू शकते. मोफत व्हिडिओच्या बाबतीत हे मला करता येत नाही. युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांविषयी शिफारस स्वीकारली, तीही याच हक्कांबद्दल आहे.

खुलेपणाचा आणखी एक अर्थ मला माझ्या एका विद्यार्थिनीने शिकवला. तिला कमी ऐकू येते. वर्गात ती पहिल्या बाकावर बसून माझ्या ओठांकडे पाहायची आणि मी फळ्याकडे वळले की तिचा धागा तुटायचा. उपशीर्षके असलेला धडा तिने घरी पाहिला, तेव्हा पहिल्यांदा ती वर्गात प्रश्न घेऊन आली, आणि तो प्रश्न वर्गातला सर्वांत चांगला होता. अशी उपशीर्षके आपोआप मिळालेली नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या व्हिडिओंना ती नीट नाहीत, म्हणून अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेला २०१५ मध्ये न्यायालयात जावे लागले, आणि काही वर्षांनी तडजोड होऊन दोन्ही विद्यापीठांनी ती देण्याचे मान्य केले. जे साहित्य सर्वांपर्यंत पोचत नाही, त्याला खुले म्हणू नये.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. या अभ्यासक्रमांचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्यांना जास्त झाला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी तपासणारा लेख २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. शिकणारे बहुतांश संपन्न देशांतले होते, आणि इतक्या वर्षांत पूर्णत्वाचे प्रमाणही वाढले नव्हते, असे त्यात दिसते. पण यावरचा उपाय दार बंद करणे हा कसा असेल? ज्याच्या घरी कनेक्शन नाही, त्याला फाइल पेनड्राइव्हवर द्यावी, छापील प्रत द्यावी, संस्थेची संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवावी. आणि सर्वांत आधी, त्याच्याजवळ बसायला कोणीतरी द्यावे.

शिक्षकांच्या मनातली भीतीही मला परकी नाही. एप्रिल २०१३ मध्ये सॅन होजे स्टेटच्याच तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांना खुले पत्र लिहून त्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम वर्गात वापरायला नकार दिला. उद्या व्हिडिओ दाखवून शिक्षक कमी केले जातील, ही त्यांची काळजी होती. ती रास्त आहे. मुक्त साहित्य वापरता ना, मग एका वर्गात दुप्पट मुले बसवा, असे सांगणारे व्यवस्थापन ऐकून घेणाऱ्या शिक्षकालाच नाहीसे करते. अशा निर्णयाला मी स्टाफरूममध्ये विरोध करते आणि पुढेही करीन. मात्र हा विरोध शिक्षक कमी करण्याला आहे, खुल्या साहित्याला नाही.

म्हणून संस्थाचालकांना माझ्या दोन विनंत्या आहेत. वर्गात गटांबरोबर घालवलेला वेळ, आणि खुले साहित्य निवडण्यात, सुधारण्यात, मुलांच्या भाषेत आणण्यात गेलेला वेळ शिक्षकाच्या कार्यभारात धरा. आज तो कुठेच धरला जात नाही, त्यामुळे हे काम हौशी शिक्षकांच्या रात्रींवर चालते. दुसरी विनंती, शिक्षकाने आपल्या नोट्स मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या तर त्याला अडवू नका. वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेले कितीतरी उत्तम साहित्य कपाटांत पडून आहे, आणि तो शिक्षक निवृत्त झाला की तेही त्याच्याबरोबर जाते.

सुरुवात मोठी असावी लागत नाही. एक धडा निवडा, त्याचा चांगला खुला व्हिडिओ शोधा, तो मुलांना आदल्या दिवशी द्या आणि वर्गात एकच प्रश्न विचारून गप्प राहा. पत्रलेखकांनी आपल्या विषयात हे करून पाहावे आणि जे दिसेल ते याच सदरात लिहावे, अशी त्यांना मनापासून विनंती आहे. माझा अनुभव त्यांच्या वर्गात खोटा ठरला, तर तो कुठे खोटा ठरला हे मला वाचायचे आहे. आरसी सर्किटवरचे माझे प्रश्न, मुलांच्या नेहमीच्या उत्तरांसकट, मी केवळ श्रेय देण्याच्या अटीवर खुले केले आहेत. कोणीही वापरावेत, बदलावेत, आणि एखादा प्रश्न अडखळायला लावत असेल तर तो दुरुस्त करून पुढे द्यावा.

आपली नम्र,
इलेक्ट्रॉनिक्सची एक प्राध्यापिका